दयामरण : तरुण डॉक्टरांचे प्रश्न आणि आपली अमानत

बासी ईदच्या दुपारी सेलूतील आमच्या जमाअतीच्या एका घरी शीरखुर्म्याचे निमंत्रण होते. घरातील थोरला मुलगा एम.बी.बी.एस. पूर्ण करून सध्या इंटर्नशिप करीत आहे. धाकटी मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलाचे दोन मित्रही आले होते. एक वैद्यकीयच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी, दुसरा युनानीचा. पूर्वी सेलूच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर नांदेड, अंबाजोगाई किंवा औरंगाबादच्या घाटीचा रस्ता धरावा लागे. २०२३ पासून परभणीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे शिकणारी मुले आता सणाला घरी दिसतात, ही अल्लाहची कृपाच म्हणायची.

वाट्या रिकाम्या झाल्यावर त्या इंटर्न मुलाने विचारले, “मौलाना साहेब, दयामरणाचा मसला काय आहे?”

मी उत्तर देण्यापूर्वी त्याच्याकडे पाहिले. प्रश्न परीक्षेसाठीचा नव्हता. त्याने मग सांगितले की त्याच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. शुद्ध येई तेव्हा ते घशातील नळीकडे बोट दाखवीत आणि हात जोडीत. मुलगे बाहेरून म्हणत, “डॉक्टर, काही तरी करा.” वरिष्ठ म्हणत, “चालू ठेवा.” “मी रात्रपाळीला त्यांच्या शेजारी उभा असे,” तो म्हणाला, “आणि मला वाटे, हे हात माझ्यासमोर जोडलेले आहेत. मी काय करायला हवे होते?”

या विषयावर मी घाईने बोलू इच्छित नव्हतो. आधी त्या चौघांनाच विचारले, दयामरण म्हणजे तुम्ही काय समजता? उत्तरे चार प्रकारची आली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला अरुणा शानबाग यांचा खटला, निकालाचे वर्ष आणि ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ हे दोन शब्द तोंडपाठ होते. पण भरवणे थांबवणे आणि यंत्र काढणे यांत काही फरक आहे का, या प्रश्नावर तो थबकला. युनानीच्या विद्यार्थ्याच्या मते मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णाला मॉर्फिन देणे हाच एक प्रकारचा खून होता. इंटर्न म्हणाला की कायदा काहीही असो, अशी वेळ स्वतःवर आली तर तो इंजेक्शन मागेल. नेदरलँड्समध्ये तर २००२ पासून तशी सोय आहे. एवढे बोलून तो वडिलांकडे पाहून ओशाळला. मुलीने सगळ्यांत शेवटी तोंड उघडले. ती म्हणाली, “आम्हाला तर आधी कूस कशी बदलायची ते शिकवतात.”

मुले हुशार आहेत, मनाने निर्मळ आहेत. तरीही त्यांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच गाठ बसलेली दिसली : जीव घेणे, उपचार थांबवणे आणि वेदना शमवणे. ही गाठ त्यांच्यापुरतीच नाही. आपल्या घराघरांत ती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१८ मध्ये या विषयाच्या संज्ञा ठरवताना ‘निष्क्रिय दयामरण’ हा शब्दच बाजूला ठेवला, कारण तो गोंधळ वाढवतो. आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, यंत्रे नव्हती त्या काळात या तीन गोष्टी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या.

पहिली गोष्ट जीव घेण्याची. येथे शरीअतमध्ये संदिग्धता नाही. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई आहे, आणि लगेच पुढे अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याचे सांगितले आहे. मनाई आणि दया शेजारी-शेजारी आहेत, याकडे मी मुलांचे लक्ष वेधले. जखमेची वेदना न सोसून ज्याने सुरीने स्वतःचा हात कापून घेतला व रक्तस्रावाने प्राण सोडला, त्या पूर्वीच्या एका माणसाची हदीस सहीह बुखारीत आहे. आपल्या बाबतीत त्याने घाई केली, असे अल्लाहने त्याच्याविषयी म्हटल्याचा तिचा आशय. मारणारा हात डॉक्टरचा असला, संमती लेखी असली आणि हेतू दयेचा असला तरी निर्णय बदलत नाही. जीव आपल्या मालकीचा नाही, तो अमानत आहे. ठेव ठेवणाऱ्याने परत मागण्यापूर्वी ती मोडण्याचा अधिकार ठेव सांभाळणाऱ्याला नसतो, मग तो अधिकार तो डॉक्टरला कसा देणार? देशाचा कायदाही येथे शरीअतच्या जवळच आहे. जीव घेणारे इंजेक्शन आजही गुन्हा आहे, आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दयामरण घडवणे हे अनैतिक वर्तन ठरवलेले आहे.

मात्र ज्यांच्या घरी असे काही घडून गेले आहे त्यांच्यासाठी सहीह मुस्लिममधील आणखी एक हदीस सांगायला हवी. ह. तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत हिजरत करून आलेल्या एका माणसाने आजाराला कंटाळून आपल्या बोटांची पेरे कापली आणि तो मरण पावला. पुढे ह. तुफैल (रजि.) यांना तो स्वप्नात चांगल्या स्थितीत दिसला, केवळ त्याचे हात झाकलेले होते. हे ऐकून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या हातांनाही क्षमा मिळावी म्हणून दुआ केली. गुन्हा तो गुन्हाच. पण गेलेल्या माणसाचा न्याय करायला कोणी आपल्याला बसवलेले नाही.

आता अरुणा शानबाग. वैद्यकीयची मुले हा खटला केवळ एक निकाल म्हणून वाचतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला कायमची इजा झाली, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी होती ती त्यांना भरवणे थांबवण्याची. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवरक्षक उपचार काढता येतील असे त्याच निकालात म्हटले गेले. परीक्षेत नेमके हेच विचारले जाते, म्हणून मुलांना तेवढेच आठवते.

माझ्या मते या प्रकरणातील मोठी गोष्ट निराळी आहे. अरुणाताई कोणत्याही श्वसनयंत्रावर नव्हत्या. कित्येक वर्षे त्यांना मऊ केलेले अन्न तोंडाने भरवले जाई. त्यामुळे खरा प्रश्न यंत्राचा नव्हता, घासाचा होता. हनफी फिक्हच्या ‘फतावा-ए-हिंदिया’ या ग्रंथात अपाय दूर करणाऱ्या साधनांचे वर्गीकरण आहे : काही साधने निश्चित, जसे भुकेला भाकरी आणि तहानेला पाणी, काही संभाव्य, जसे बहुतेक औषधोपचार, काही केवळ कल्पित. जिवाला धोका असताना निश्चित साधन सोडणे हराम. संभाव्य साधन सोडणे हराम नाही. म्हणूनच अन्न नाकारून मरणारा गुन्हेगार ठरतो, औषध नाकारून मरणारा ठरत नाही. के.ई.एम.च्या परिचारिकांनी हा ग्रंथ वाचलेला असण्याचे कारण नाही. पण महापालिकेने अरुणाताईंना तेथून हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी तो हाणून पाडला, आणि न्यायालयात रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी सांगितले की आम्ही त्यांना भरवत राहू. पिढ्या बदलल्या, अरुणाताईंना कधी बोलताना न पाहिलेल्या मुली ड्यूटीवर आल्या आणि त्यांनीही तो घास पुढे चालवला. अमानत या शब्दाचा अर्थ मला कोणी मराठीत विचारला तर मी त्या वॉर्डाकडे बोट दाखवीन.

(नळीने दिलेले अन्न हे अन्न की उपचार, यावर आज उलमा आणि डॉक्टर दोघांतही मतभेद आहेत. मला ते अन्नाच्या बाजूचे वाटते. पण अखेरच्या काही तासांत शरीरच जेव्हा अन्न नाकारते, तेव्हा ते बळेच घालणे म्हणजे भरवणे नव्हे. तेव्हा ओठ ओले करणे पुरे.)

दुसरी गोष्ट उपचार थांबवण्याची, आणि येथे आपल्या समाजात दुसऱ्या टोकाचा गैरसमज आहे. अनेकांना वाटते की शेवटच्या श्वासापर्यंत प्रत्येक यंत्र लावणे फर्ज आहे आणि नको म्हणणारा अल्लाहच्या दयेविषयी निराश झाला. वस्तुस्थिती अशी नाही. उपचार घ्या, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि अल्लाहने प्रत्येक रोगावर औषध ठेवल्याचेही सांगितले, परंतु त्याच हदीसीत त्यांनी एक अपवाद केला, वार्धक्याचा. फेफऱ्याच्या रुग्ण असलेल्या एका स्त्रीने त्यांच्याकडे दुआ मागितली तेव्हा त्यांनी तिच्यासमोर दोन पर्याय ठेवले : सबर केल्यास जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सबर निवडला, एवढेच मागितले की झटका येईल तेव्हा अंग उघडे पडू नये, आणि त्यासाठी प्रेषितांनी (स.) दुआ केली. बरे होण्याचा आग्रह तिच्यावर झाला नाही. लज्जारक्षणाची मागणी मात्र मान्य झाली. रुग्णालयातील खाटेवर उघडी पडलेली वृद्ध माणसे पाहिली की मला ही हदीस आठवते.

आजच्या यंत्रांविषयीही उलमांनी विचार केलेला आहे. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या अधिवेशनात ठरवले की तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे निदान केल्यावर कृत्रिम यंत्र काढता येते. मरणाला दारात रोखून धरण्याचे कर्तव्य शरीअतने आपल्यावर घातलेले नाही, कारण ती शक्तीच आपल्याला दिलेली नाही.

वेदनेविषयी थोडक्यात. युनानीच्या त्या विद्यार्थ्याला मी म्हणालो की कर्माचे मोल हेतूवर ठरते, ही बुखारीची पहिलीच हदीस आहे. वेदना शमवण्यासाठी मोजून-मापून, वाढवत नेलेली मात्रा हा उपचार. श्वास थांबावा म्हणून दिलेली मात्रा हा खून. औषध एकच, बाटली एकच. आणि योग्य मात्रेतील मॉर्फिनने माणूस लवकर मरतो ही समजूत चुकीची आहे, हे वेदनाशमनाचे काम करणारे डॉक्टर वारंवार सांगतात. मुंबईत शांती आवेदना सदनात १९८६ पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची अशी शुश्रूषा होते. मराठवाड्याच्या तालुक्यात ती किती जणांना मिळते, हे मुलांना विचारायची गरज पडली नाही.

आता त्या जोडलेल्या हातांकडे येतो. माझ्याजवळ त्याचे उत्तर एका हदीसीत आहे आणि एका कबुलीत.

ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस बुखारीत आहे. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका कडेने औषध घातले. ते खुणेने नको म्हणत होते. घरच्यांना वाटले, कोणताही रुग्ण औषधाला नाखूशच असतो, तशीच ही नाखुशी. जरा बरे वाटल्यावर त्यांनी विचारले की मी मनाई केली नव्हती का. आणि घरातील प्रत्येकाला तेच औषध त्यांच्या देखत पाजण्यास सांगितले, केवळ त्या वेळी उपस्थित नसलेले ह. अब्बास (रजि.) वगळून. मदरशात आम्ही ही हदीस वाचली तेव्हा आम्हा मुलांना गंमत वाटली होती. औषध घालणारे प्रेषितांवर प्राणापलीकडे प्रेम करणारे होते. त्यांची चूक एकच : खूण दिसली, आणि त्यांनी तिचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला.

आमचे आजोबा मोंढ्यात हमाली करीत. घरात आम्ही त्यांना दादा म्हणत असू. फुप्फुसे निकामी होत आली तेव्हा त्यांनी दोनदा मला सांगितले होते, “बेटा, मला पुन्हा मशीनवर नेऊ नको. अंगणात लिंबाखाली खाट टाक.” तिसऱ्या वेळी श्वास लागला तेव्हा मी अॅम्ब्युलन्स बोलावली. एका मोठ्या शहरातील खाजगी रुग्णालयात अकरा दिवस ते राहिले. हात पलंगाला बांधलेले होते, कारण ते नळी ओढीत. मी काचेबाहेर तसबीह घेऊन उभा असे आणि डॉक्टरांना म्हणत असे, काही तरी करा. ते मी त्यांच्यासाठी म्हणत होतो का? इमामाने आजोबांना घरी मरू दिले, असे लोक म्हणतील, हे भय त्यात होते; आणि त्यांना गमावण्याचे माझे स्वतःचे भय होते. डॉक्टर त्यांच्या परीने प्रामाणिक होते. त्यांना मी सांगितलेच नव्हते की रुग्णाने काय सांगितले आहे. बाराव्या पहाटे ते गेले. कलिमा त्यांच्या कानात एका अनोळखी वॉर्डबॉयने म्हटला, अल्लाह त्याला बरकत देवो. मी नमाजसाठी खाली गेलो होतो.

हे ऐकल्यावर इंटर्न मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी त्यांना विचारायला हवे होते.”

होय. इंजेक्शन हा त्या जोडलेल्या हातांचा एकमेव अर्थ नव्हता. ‘नळी काढा’, ‘दुखते आहे’, ‘मुलाला आत बोलवा’, ‘घरी न्या’, यांपैकी काहीही त्यात असू शकले असते. नळीमुळे बोलता येत नसेल तर पाटी द्यावी, मान हलवून उत्तरे घ्यावीत. प्रश्न विचारण्यासाठी इंटर्नला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. उत्तर वरिष्ठांपर्यंत आणि नातेवाइकांपर्यंत नेण्याचे धैर्य मात्र लागते. आणि खरे सांगावे लागते. ह. उमर (रजि.) यांना खंजीर लागल्यावर दिलेले दूध जखमेतून बाहेर आले, तेव्हा वैद्याने त्यांना वसीयत करून घेण्यास सांगितले. त्यांनी वैद्याचे म्हणणे सत्य मानले आणि उरलेल्या वेळात कर्जाचा हिशेब लावला, खिलाफतीची व्यवस्था केली, ह. आयेशा (रजि.) यांच्याकडे दफनाच्या जागेची परवानगी मागितली. त्यांच्यापासून सत्य लपवले असते तर हे घडले नसते. आपल्याकडे रुग्ण सोडून सगळ्या मोहल्ल्याला निदान ठाऊक असते.

रुग्ण बोलू शकत असतानाच त्याचे म्हणणे लिहून ठेवण्याची सोय आता कायद्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ९ मार्च २०१८ रोजी अशा पूर्वलेखाला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सुलभ झाले, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून मत द्यावे लागते. मरणाची मागणी करणारा लेख मुसलमानाला लिहिता येणार नाही. परंतु जाणकार डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मला यंत्रावर ठेवू नये, वेदनाशमन व अन्नपाणी चालू राहावे, असे लिहिण्यात मला तरी शरीअतची मनाई दिसत नाही. लिहिण्यापूर्वी आपल्या विश्वासातील आलिमांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारावे.

निघण्याच्या बेतात होतो तेव्हा मुलीने विचारलेला प्रश्न सर्वांत अवघड होता. “आणि पैसे संपले म्हणून घरी नेतात ते, मौलाना?”

तिने पाहिले होते. आपल्या भागात उपचार थांबतात ते पुष्कळदा मेडिकलचे बिल भरता येत नाही म्हणून. कागदावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे लिहिले जाते. पुस्तकातील कोणत्याही दयामरणात हे बसत नाही. फिक्हचे उत्तर मी दिले : अल्लाह कोणावर त्याच्या ऐपतीपलीकडे ओझे टाकत नाही, सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत हे आहे, म्हणून शेत विकू न शकलेला मुलगा गुन्हेगार नाही. पण बरा होऊ शकणारा माणूस पैशाअभावी घरी आला असेल तर ते ओझे त्या मुलाच्या खांद्यावरून उतरून कोठे जाते? ते जमाअतीवर येते. आमच्या जमाअतीची जकात अशा घरापर्यंत किती पोहोचते, हे सांगताना मला मान वर करता आली नाही.

आणि जो बरा होणारच नाही असा माणूस घरी आला, त्याचे काय? बी.ए.च्या वर्गात आम्हाला जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे नाटक माहीत झाले होते. त्यातील नाना-नानींना कोणता असाध्य रोग नव्हता. दारावर कोणी थाप मारत नव्हते, एवढेच. मला भेटणाऱ्या वृद्धांपैकी जे “अल्लाह आता उचल” म्हणतात, त्यांच्याशी अर्धा तास बसले की बहुतेकदा विषय दुखण्याचा निघत नाही. सुनेचा निघतो, ओल्या चादरीचा निघतो. संकटाला कंटाळून मृत्यू मागू नये, अशी हदीस आहे, आणि मागायचेच तर जगणे भल्याचे असेल तोवर जगव, मरण भल्याचे असेल तेव्हा ने, अशी दुआ शिकवलेली आहे. ती मी त्यांना सांगतो. पण ओली चादर बदलल्याशिवाय ती सांगायला मला आता संकोच वाटतो.

त्या मुलीने मागच्या महिन्यात एक वही आणून दिली. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मोहल्ल्यात फिरून अंथरुणाला खिळलेल्यांची नावे लिहिली आहेत. समोर, कूस बदलायला आणि रात्री शेजारी बसायला कोण आहे, याचा रकाना. नावे चौदा आहेत, त्यांत तीन घरे आपल्या हिंदू शेजाऱ्यांची. जुमाच्या नमाजनंतर मी वही वाचून दाखवली. इंटर्न मुलाने रविवार घेतला, युनानीच्या मुलाने शुक्रवार, मी बुधवार. मंगळवारची रात्र अजून कोणी घेतलेली नाही.